गोरिलांचा कैवारी

आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, विषुववृत्ताच्या जवळ, विरुंगा नावाची एक पर्वतरांग आहे. तीत आठ मोठे ज्वालामुखी पर्वत आहेत. त्यांपैकी दोन अद्यापही अधूनमधून आग ओकतात. बाकीचे दीर्घकाळ शांत आहेत. शांत पर्वतांच्या उतारांवर घनदाट अरण्य माजले आहे. खालच्या अंगास बांबूची दाट बने, त्यांच्यावर शेवाळाने लगडलेले जुनाट वृक्ष, आणि त्याहूनही वर धुक्यात बुडालेली शिखरे, असे तेथील दृश्य असते. पाऊस तेथे जवळजवळ बारा महिने पडतो. ह्याच अरण्यात पहाडी गोरिला राहतो.

आज रुआंडा व युगांडा ह्या देशांत हे गोरिला पाहण्यासाठी जगाच्या सर्व भागांतून प्रवासी येतात. स्थानिक वाटाड्यांवाचून कोणालाही अरण्यात पाऊल टाकता येत नाही. एका तुकडीत आठांहून अधिक प्रवासी नसतात, आणि गोरिलांच्या कुटुंबाजवळ त्यांना केवळ एक तास थांबता येते. सर्दीपडसे झालेल्या माणसाला तर मागेच राहावे लागते. कारण माणसाचे रोग गोरिलांना जडतात व ते त्यांच्या जिवावर बेतू शकतात. अशा प्रवासाला सफारी म्हणतात. स्वाहिली भाषेतील ह्या शब्दाचा अर्थ प्रवास एवढाच आहे. आणि आपल्या मराठीतील सफर हा शब्दही ज्या अरबी शब्दावरून आला, त्याच शब्दावरून तोही आला आहे.

परंतु शंभर वर्षांपूर्वी सफारी ह्या शब्दाचा अर्थ निराळा होता. त्या काळी सफारी म्हणजे बंदुका, काडतुसे, तंबू आणि डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माणसांची लांबच लांब रांग. तेव्हाचा प्रवासी प्राणी मारण्यासाठी अरण्यात जाई. अशाच सफारींत आयुष्याची कित्येक वर्षे घालवलेल्या एका माणसाने पुढे ह्या गोरिलांना अभय मिळवून दिले. त्याचे नाव कार्ल एक्ली.

कार्ल एक्ली ह्यांचा जन्म १९ मे १८६४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात क्लॅरेंडन ह्या गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी झाला. घरची परिस्थिती बेताची होती व शेतातील कामांमुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे होऊ शकले नाही. परंतु पक्षी आणि प्राणी ह्यांच्याकडे पाहत राहण्याचा त्यांना मोठा छंद होता. मेलेल्या पक्ष्याचे कातडे सोलून, त्यात पेंढा भरून, तो जिवंत असल्यासारखा दिसेल असा उभा करण्याची कला त्यांच्या वाचनात आली, आणि ह्या कलेने त्यांच्या मनाची पकड घेतली. जवळच्या ब्रॉकपोर्ट गावी घरे रंगवण्याचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ हौसेने हेच काम करीत असत. मुलाची आवड व त्याच्या बोटांतील कसब पाहून त्यांनी त्याला रॉचेस्टर शहरातील वॉर्ड ह्यांच्या कारखान्यात जाण्याचा सल्ला दिला. देशोदेशींच्या वस्तुसंग्रहालयांना लागणारे प्राण्यांचे नमुने त्या कारखान्यात तयार होत.

एकोणीस वर्षांचा कार्ल रॉचेस्टरला गेला खरा. पण वॉर्ड ह्यांच्या दारावरील घंटा वाजवण्याचे धैर्य त्याला होईना. घरासमोरून त्याने कित्येक येरझारा घातल्या. शेवटी मनाचा हिय्या करून तो आत गेला व त्याला काम मिळाले. वेतन ठरले आठवड्याला साडेतीन डॉलर. राहण्याजेवण्याचा खर्च मात्र आठवड्याला चार डॉलर येत होता! अशा स्थितीतही त्याने काम सोडले नाही.

ह्या कारखान्यात शिकण्यासारखे पुष्कळ होते. तरी कार्लच्या मनाचे समाधान होत नसे. त्या काळची पद्धत ओबडधोबड होती. प्राण्याचे कातडे शिवून पिशवीसारखे करावयाचे, त्यात गवत व चिंध्या कोंबावयाच्या आणि ते लाकडी पायांवर उभे करावयाचे, एवढेच ते काम होते. अशा रीतीने तयार झालेला हरिण फुगलेल्या पोत्यासारखा दिसे. त्याच्या मानेत डौल नसे आणि पायांत चपळाई नसे. जिवंत प्राण्याचे सौंदर्य ज्याने डोळे भरून पाहिले आहे, त्याला हे कसे रुचावे? १८८५ साली कॅनडात जंबो नावाचा सर्कशीतील जगप्रसिद्ध हत्ती आगगाडीचा धक्का लागून मरण पावला. त्याचे प्रचंड कातडे लाकडी सांगाड्यावर चढवण्याच्या कामात कार्लचाही मोठा वाटा होता. ह्या कामामुळे त्याच्या अंगी आत्मविश्वास आला.

पुढे एक्ली मिलवॉकी येथील वस्तुसंग्रहालयात गेले. तेथे १८९० साली त्यांनी पाणथळ जागेत राहणाऱ्या मस्करॅट नावाच्या लहानशा प्राण्यांचे एक दृश्य तयार केले. त्यात केवळ प्राणी नव्हते. त्यांची घरटी, पाणी, गवत व मागील बाजूस रंगवलेला देखावा हे सर्व होते. प्राणी कोठे राहतो, काय खातो आणि कसा वागतो, हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावे, हा त्यामागील हेतू होता. आज जगातील अनेक वस्तुसंग्रहालयांत अशी दृश्ये आढळतात. त्यांची परंपरा ह्या लहानशा दृश्यापासून सुरू झाली असे मानतात.

पेंढा भरण्याची जुनी पद्धत एक्ली ह्यांनी हळूहळू टाकून दिली. प्राण्याच्या हाडांची मापे घेऊन ते प्रथम मातीची हुबेहूब मूर्ती घडवीत. प्रत्येक स्नायू, प्रत्येक शीर त्या मूर्तीत दिसे. मग तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढून त्यात कागदाचा लगदा व तारेची जाळी ह्यांचा हलका, पोकळ पण बळकट पुतळा ते तयार करीत आणि त्यावर कातडे चढवीत. झाडांची पानेदेखील ते मेणाची करीत. एकेका दृश्यासाठी अशी हजारो पाने घडवावी लागत. कारागिराच्या ह्या कामाला त्यांनी शिल्पकलेची पायरी गाठून दिली.

१८९६ साली शिकागो येथील वस्तुसंग्रहालयातर्फे एक्ली पहिल्यांदा आफ्रिकेत गेले. सोमालीलँडच्या रखरखीत प्रदेशात प्राण्यांचे नमुने गोळा करीत असता एका संध्याकाळी त्यांच्या गोळीने जखमी झालेली बिबट्याची मादी त्यांच्यावर झेपावली. बंदूक हातातून निसटली. बिबट्याने त्यांचा उजवा हात दातांत धरला. एक्लींनी हात मागे ओढण्याऐवजी मूठ तिच्या घशात आणखी आत कोंबली, दुसऱ्या हाताने तिचा गळा आवळला व खाली पडताच गुडघ्यांनी तिच्या बरगड्या दाबल्या. थोड्या वेळाने तिची धडपड थांबली. त्यांचा हात चावून चावून रक्तबंबाळ झाला होता. पण जीव वाचला.

१९१० साली केनिया पर्वताच्या उतारावर ह्याहूनही भयंकर प्रसंग ओढवला. हत्तींचा माग काढीत एक्ली दाट झाडीतून जात होते. एकाएकी एक हत्ती अगदी अंगावर आला. बंदूक चालवण्यासही अवसर मिळाला नाही. एक्लींनी त्याचे दोन्ही सुळे दोन हातांनी घट्ट धरले व ते सुळ्यांच्या मध्ये जमिनीवर आडवे झाले. हत्तीने सुळे जमिनीत खुपसून त्यांची छाती मस्तकाने दाबली. सुळे जमिनीत काही अंतरावर अडले म्हणूनच केवळ त्यांचा चेंदामेंदा झाला नाही. हत्ती निघून गेल्यावर बरोबरच्या माणसांना वाटले की मालक मरण पावले. बरगड्या मोडलेल्या व चेहरा फाटलेल्या स्थितीत ते कित्येक तास थंडीपावसात पडून होते. मुख्य तळावर असलेल्या त्यांच्या पत्नी डेलिया ह्यांना ही वार्ता कळताच त्या ओझेवाल्यांना बरोबर घेऊन अरण्यातून वाट काढीत तेथे पोहोचल्या आणि त्यांनी पतीचे प्राण वाचवले.

अंथरुणाला खिळून असता एक्लींच्या मनात एका भव्य दालनाची कल्पना उभी राहिली. आफ्रिकेतील रेल्वे वाढत होती, मळे पसरत होते, शिकारी बेसुमार हत्या करीत होते. हे प्राणी लवकरच पृथ्वीवरून नाहीसे होतील, अशी त्यांची खात्री झाली होती. म्हणून आफ्रिकेची अरण्ये, गवताळ मैदाने व तेथील जीवसृष्टी ह्यांचे यथातथ्य दर्शन घडवणारे एक दालन न्यूयॉर्कच्या वस्तुसंग्रहालयात उभारावे, असा निश्चय त्यांनी केला. पुढील सोळा वर्षे त्यांनी ह्या एकाच ध्यासात घालवली.

एक्ली हे कल्पक संशोधकही होते. शिकागोच्या वस्तुसंग्रहालयाच्या जीर्ण भिंतींची दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी हवेच्या दाबाने सिमेंटचे मिश्रण फवारणारे यंत्र तयार केले. त्याच तत्त्वावर चालणारी यंत्रे आजही बोगद्यांच्या भिंतींना काँक्रीटचा थर देण्यासाठी वापरतात. धावणाऱ्या प्राण्यांची चलच्चित्रे घेण्यास तत्कालीन कॅमेरे निरुपयोगी आहेत असे दिसून आल्यावर, कोणत्याही दिशेस सहज वळणारा नवा कॅमेरा त्यांनी बनवला व १९१५ साली त्याचे एकस्व मिळवले. हा कॅमेरा पुढे वार्तापट व चित्रपट घेणाऱ्यांच्या फार उपयोगी पडला.

दालनासाठी त्यांना हत्ती मिळाले, सिंह मिळाले. आता पाहिजे होता पहाडी गोरिला. हा प्राणी शास्त्रज्ञांना १९०२ सालापासूनच ठाऊक झाला होता आणि त्याच्याविषयी फारच थोडी माहिती उपलब्ध होती. गोरिला म्हणजे छाती बडवीत माणसावर धावून येणारा विक्राळ राक्षस, अशी समजूत जुन्या प्रवाशांच्या पुस्तकांनी लोकांत पसरवली होती. सत्य काय आहे हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, असे एक्लींना वाटले. १९२१ साली ते काही स्नेह्यांसह बेल्जियमच्या ताब्यातील काँगोमध्ये गेले. ह्या प्रवासात स्त्रिया होत्या आणि सहा वर्षांची एक मुलगीही होती.

किवू सरोवर ओलांडून ही मंडळी विरुंगाच्या पायथ्याशी पोहोचली. तेथील अरण्याची ओळख असलेल्या वाटाड्यांवाचून एक पाऊलही पुढे टाकणे अशक्य होते. मोडलेली देठे, चघळून टाकलेला पाला, ओल्या मातीत उमटलेल्या बोटांच्या पेरांच्या खुणा हे सर्व पाहून वाटाडे गोरिलांचा माग सांगत. मिकेनो पर्वताचा चढ इतका सरळ होता की झुडपांना धरूनच वर जावे लागे. एक्ली तेव्हा ५७ वर्षांचे होते व जुन्या दुखापतींनी त्यांचे शरीर खिळखिळे झाले होते. तरी ते मागे फिरले नाहीत.

गोरिला दिसले, आणि एक्लींनी गोळ्या झाडल्या. प्रथम एक नर पडला. पुढे एक मादी पडली, आणि तिच्याबरोबरचे पिल्लू वाटाड्यांच्या भाल्याने घायाळ झाले. एक्ली जवळ गेले तेव्हा ते पिल्लू अद्याप जिवंत होते. त्याच्या चेहऱ्यावर विलक्षण करुण भाव होता. आता आपल्याला कोणीतरी कुशीत घ्यावे, असे जणू ते विनवीत होते. आयुष्यभर शेकडो प्राणी मारलेल्या त्या शिकाऱ्याच्या काळजात ती नजर खोल रुतली.

एक्लींनी आता गोरिलांचे अधिक लक्षपूर्वक निरीक्षण केले. हे प्राणी कुटुंब करून राहतात. आया पिल्लांना छातीशी धरतात. त्यांचे खाणे म्हणजे झाडपाला, कोवळे कोंब व कंद. डिवचल्यावाचून ते माणसाच्या वाटेस जात नाहीत. ज्याला जगाने राक्षस ठरवले होते, तो एक शांत, लाजाळू व सौम्य प्राणी होता. ह्या मोहिमेत एक्लींनी आपल्या कॅमेऱ्याने मोकळ्या रानातील गोरिलांची चलच्चित्रे घेतली; अशी चित्रे त्यापूर्वी कोणीही घेतलेली नव्हती. दालनासाठी पाच गोरिला मिळाले होते. तेवढे पुरे, असे त्यांनी ठरवले.

स्वदेशी परतल्यावर त्यांना एक विचार स्वस्थ बसू देईना. विरुंगाच्या डोंगरांत थोडेच गोरिला उरले आहेत, आणि आपल्यामागून येणारे शिकारी तेही ठेवणार नाहीत. आपल्याच हातून पाच जीव गेले आहेत, ह्याचा त्यांना विसर पडला नाही. परंतु केवळ हळहळत बसणारा हा माणूस नव्हता. ह्या डोंगरांचे एक अभयारण्य करावे व तेथे शास्त्रज्ञांनी गोरिलांचा अभ्यास करावा, अशी योजना त्यांनी आखली. त्यांनी लेख लिहिले, व्याख्याने दिली, शास्त्रज्ञांची मने वळवली आणि बेल्जियमच्या अमेरिकेतील राजदूतामार्फत आपली योजना बेल्जियमचे राजे आल्बर्ट ह्यांच्यापर्यंत पोहोचवली. आल्बर्ट ह्यांनी १९१९ साली अमेरिकेतील राष्ट्रीय उद्याने पाहिली होती, त्यामुळे ही कल्पना त्यांना तत्काळ पटली. २१ एप्रिल १९२५ रोजी राजाज्ञा निघाली व मिकेनो, कारिसिंबी आणि विसोके ह्या तीन पर्वतांभोवतीचा प्रदेश आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. आफ्रिका खंडातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान होय.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती राजवट परकीयांची होती. त्या अरण्यात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या बात्वा लोकांचा व इतर रहिवाशांचा विचार अशा निर्णयांच्या वेळी कोणी घेत नसे. एक्लींच्या प्रत्येक यशामागे अनेक आफ्रिकी वाटाड्यांचे ज्ञान व ओझेवाल्यांचे श्रम होते. परंतु त्यांपैकी फारच थोड्यांची नावे इतिहासाने जपून ठेवली आहेत. एक्लींचा गौरव करताना ह्या अनामिकांचेही ऋण मानले पाहिजे.

१९२६ साली एक्ली पुन्हा आफ्रिकेस निघाले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी मेरी जोब ह्या त्यांच्याबरोबर होत्या. दालनातील दृश्यांसाठी नमुने व चित्रे मिळवावीत आणि नव्या उद्यानाची पाहणी करून गोरिलांचा अभ्यास करावा, असा दुहेरी उद्देश होता. बेल्जियमचे तरुण शास्त्रज्ञ डर्शाइड ह्यांचीही त्यांना जोड मिळाली. परंतु वाटेतच एक्लींची प्रकृती ढासळली. तापाने त्यांना पछाडले. विश्रांती घ्यावी असे सर्वांनी विनवले, तरी त्यांचे मन मिकेनोकडे लागले होते. शेवटचा चढ त्यांना चालवेना, तेव्हा त्यांना झोळीत घालून वर नेण्यात आले. सुमारे ३१०० मीटर उंचीवरील कबारा ह्या गवताळ पठारावर तळ पडला. तेथेच, १७ नोव्हेंबर १९२६ रोजी, त्यांचे देहावसान झाले. ज्या अरण्याला त्यांनी अभय मिळवून दिले, त्याच अरण्याच्या मातीत त्यांचा देह ठेवण्यात आला.

मेरी जोब ह्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. पण त्या लगेच परतल्या नाहीत. थंडीवाऱ्यात त्याच डोंगरावर राहून त्यांनी पतीचे अपुरे काम पुढे चालवले. वनस्पतींचे नमुने, छायाचित्रे, मोजमापे सर्व गोळा झाली. चित्रकार ली ह्यांनी त्या स्थळाचा देखावा चितारला. डर्शाइड ह्यांनी उद्यानाची पाहणी चालू ठेवली. १९२९ साली उद्यानाचा विस्तार झाला. १९३६ साली न्यूयॉर्कमधील ते दालन लोकांसाठी उघडण्यात आले व त्याला एक्लींचेच नाव देण्यात आले. त्याच्या मध्यभागी आठ हत्तींचा कळप आहे व सभोवती २८ दृश्ये आहेत. गोरिलांच्या दृश्यामागे एक्लींनी जेथे देह ठेवला, त्याच परिसराचा देखावा रंगवलेला आहे.

एक्लींनी ज्या अभ्यासाचे स्वप्न पाहिले होते, तो पुढे खरोखरच घडला. १९५९ साली जॉर्ज शॅलर ह्या शास्त्रज्ञाने, आणि १९६७ साली डायन फॉसी ह्या विदुषीने कबारा येथेच राहून आपल्या कामास प्रारंभ केला. वाट मात्र सोपी नव्हती. चोरटी शिकार, जंगलतोड आणि युद्धे ह्यांमुळे १९८० नंतर विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. वनरक्षकांनी जिवाची पर्वा न करता त्यांचे रक्षण केले. त्या उद्यानाच्या काँगोमधील भागाला आज विरुंगा असे नाव आहे. तेथे एप्रिल २०२० मध्ये सशस्त्र टोळीच्या एकाच हल्ल्यात १२ वनरक्षकांना वीरमरण आले. अशा असंख्य माणसांच्या त्यागामुळे २०१८ साली पहाडी गोरिलांची एकूण संख्या एक हजारावर गेल्याचे जाहीर झाले. मोठ्या वानरांच्या ज्या जातींची संख्या इतर ठिकाणी घटत होती, त्यांच्यात हे उदाहरण आशा वाढवणारे ठरले.

एक्लींना वाटले होते की, हे प्राणी नष्ट होणारच. निदान त्यांची प्रतिमा तरी मागे राहावी. त्यांच्या सुदैवाने आणि जगाच्याही सुदैवाने त्यांचा तो तर्क खोटा ठरला, आणि तो खोटा ठरवण्यास आरंभ त्यांनी स्वतःच केला होता. डोळ्यांसमोर आलेल्या सत्यासाठी जन्मभराची समजूत बदलणे व बदललेल्या समजुतीप्रमाणे वागणे ह्याला मोठे मनोबल लागते. बिबट्याशी झुंजताना दाखवलेल्या धैर्याहून एक्लींचे हे धैर्य अधिक मोलाचे होते.